असेन्शन ते सेंट हेलेना, दोन तास

रविवार, २५ जानेवारी २०२६

पहिली सूचना वाचून झाली. मला ऐकता आली नाही. चर्चच्याच पायरीवरून घसरून घोटा मोडला, तेव्हापासून घरात आहे. प्लास्टर निघायला अजून अवकाश आहे.

माझी लेक आराधना एकटीच जाऊन आली. विचारलं, पाळकसाहेबांनी नावं नीट घेतली का? "घेतली. रॉबिन आणि आराधना. कोणाची हरकत असेल तर कळवा म्हणाले. तेवढ्यात मागे कोणीतरी खोकलं, तर अख्खी मंडळी वळून बघायला लागली." हे सांगताना ती हसली नाही. एरवी अशी गोष्ट नक्कल करून सांगते.

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार भर मंडळीसमोर अशी सूचना वाचतात. अजून दोन रविवार, आणि मग सोळा फेब्रुवारीला, सोमवारी, लग्न. त्याच्या मागोमाग राखेचा बुधवार. तिथून लेंट, म्हणजे उपवासकाळ, लागला की ईस्टरपर्यंत आमच्या चर्चमध्ये लग्न लागत नाही, आणि ईस्टरपर्यंत रॉबिनची रजा पुरत नाही. म्हणजे सोळा ही शेवटची संधी. तारीख मीच काढली. जन्म वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेला. पान किती वाजता सोडायचं हे आधी ठरवायचं आणि मग बातम्या बसवायच्या, ही सवय.

आराधनाचे बाबा, जॉन, असते तर म्हणाले असते, लग्न आहे, पुरवणी नाही.

मंगळवार, २७ जानेवारी

नवीन काम आलं. निवृत्तीनंतर एका प्रवासाच्या साइटसाठी मराठी पानं लिहिते. या विमानतळापासून त्या विमानतळापर्यंत अंतर किती, उड्डाणाला वेळ किती, वाटेत कुठे बदलायचं. रोज ठरलेली पानं ठरलेल्या वेळेत द्यायची. श्रीरामपुरात पाय स्टुलावर टेकून मी अलास्कातल्या लोकांना रस्ता सांगते! जिथं काहीच जात नाही तिथं लिहायचं वाक्य ठरलेलं आहे: "थेट सेवा उपलब्ध नाही."

रॉबिनचं पान मात्र मी मुद्दाम मागून घेतलं होतं. असेन्शन ते सेंट हेलेना. अटलांटिक महासागराच्या मधोमध दोन बेटं. असेन्शनच्या वीजघरात रॉबिन जनरेटर सांभाळतो. तिथून नागरी विमान महिन्यातून एकदाच, तेही सेंट हेलेनापर्यंत. पुढे जोहान्सबर्ग, मग मुंबई. पानावर मी लिहिलं: अंतर सुमारे तेराशे किलोमीटर, वेळ दोन तास. लिहिताना फार जवळ वाटलं. नगरहून मुंबईला जायला याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो.

हेच मी सगळ्यांना सांगत सुटले. दोन तासांचं तर विमान आहे.

शनिवार, ३१ जानेवारी

रॉबिन ज्यात बसणार होता ते विमान असेन्शनला आलंच नाही. सेंट हेलेनाच्या धावपट्टीवर आडवा वारा होता. वैमानिकाने घिरट्या घातल्या आणि आफ्रिकेला परत नेलं. पुढच्या शनिवारी पुन्हा येणार.

हरकत नाही. सोळाला वेळ आहे. आराधनाला सांगितलं. तिने विचारलं, "वाऱ्यामुळेच ना?" म्हटलं, मग कशामुळे? "नाही, सहज."

रविवार, १ फेब्रुवारी

दुसरी सूचना झाली.

मांडववाला वाल्मिक बांबू टाकून गेला. फाटकाला टेकवून ठेवलेत, त्यामुळे फाटक अर्धंच उघडतं. माणसाने आडवं होऊन आत यायचं. "काल आनले असते मॅडम, पन टेम्पो उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकला. नवरदेव निघाले का?" वाऱ्याचं सांगितलं. कुठलं बेट म्हणून विचारलं. सेंट हेलेना म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. शाळेतलं नेमकं एवढंच लक्षात राहिलेलं. "नेपोलियनला ठिवलं हुतं तिथं? मग अवघडे. एवढा मोठा राजा सुटला न्हाई, आपले जावई कवा सुटायचे?"

मी हसले. आराधना स्वयंपाकघरात होती. तिथून फक्त भांड्यांचा आवाज आला.

बुधवार, ४ फेब्रुवारी

घरात नुसतं बसून माणसाचे कान वाढतात.

आराधना सकाळी बेलापूरच्या शाळेत जाते, संध्याकाळी येते. मधला दिवस मी, हा पाय, आणि समोरची गल्ली. दारात बांबू. येणारा-जाणारा विचारतो, आला का नवरा? खिडकीतून उत्तरं देऊन कंटाळले. खिडकी लावली तर गुदमरतं. उघडली तर प्रश्न येतात. आज दोन पानं दिली, दोन्ही ठिकाणं ग्रीनलंडची. एकाही गावाचा उच्चार येत नाही.

एक गोष्ट लक्षात येते आहे. रॉबिनचा आणि हिचा फोन होत नाही. पूर्वी रात्री जेवणं झाली की ती गच्चीवर जायची आणि बराच वेळ खाली यायची नाही. आता ताटं उचलली की वह्या तपासायला बसते. विचारलं तर म्हणाली, "तिथं नेट धड नसतं, आई." नसेलही. पण मागची दोन वर्षं होतं.

लग्न जवळ आलं की पोरी गप्प होतात. मीही झाले होते. असं मनाला सांगितलं.

शनिवार, ७ फेब्रुवारी

आज विमान. सकाळपासून आराधनाने तीनदा विचारलं, वारा कसा आहे? तिला म्हटलं, तुझ्या मोबाईलवरही दिसतं, बघ की. विमानांच्या फेऱ्या दाखवणाऱ्या साइटी आहेत, माझं कामच त्यांच्यावर चालतं. तिने मान हलवली. "मी बघणार नाही. तू बघ. तू सांगशील ते खरं."

आमच्या दुपारपर्यंत काही कळलं नाही. तिकडे अजून सकाळच होती. नंतर औषधाच्या गुंगीत डोळा लागला.

रविवार, ८ फेब्रुवारी

तिसरी सूचना. कोणाची हरकत नाही. आता कागदोपत्री लग्नाला काही अडथळा उरला नाही, असं पाळकसाहेबांनी आराधनाला हसून सांगितलं म्हणे.

आणि ती चर्चमधून यायच्या आत रॉबिनचा मेसेज. मला. "काकू, या विमानाने येणं होत नाही. बाकी ठीक आहे. आता जास्त काही सांगत नाही."

पुन्हा वारा! तिसगावला बनुबाईंना फोन केला. रॉबिनच्या आई. त्यांनाही तेवढाच मेसेज गेला होता. म्हणाल्या, "वाऱ्यानंच डाव साधला बघा इहीनबाई. दोन तासाचं इमान, अन् आठवडा झाला तरी सुटंना. त्यापरीस आमची तिसगावची यष्टी बरी. उशिरा येती पन येती."

आराधना आली. मेसेज दाखवला. तिने तो पुन्हा पुन्हा वाचला. "वाऱ्यामुळे असं कुठे लिहिलंय?" म्हटलं, दुसरं काय असणार, मागच्या वेळी तेच झालं ना. ती म्हणाली, "तू बघून सांग."

सोमवार, ९ फेब्रुवारी

बघितलं.

विमान शनिवारी असेन्शनला उतरलं होतं. माणसं उतरली, माणसं चढली, आणि परत गेलं. सेंट हेलेनालाही बिनबोभाट उतरलं. आडवा वारा वगैरे काही नव्हतं.

एका साइटवर विश्वास ठेवायचा नाही म्हणून दुसरी पाहिली. मग सेंट हेलेना विमानतळाचं स्वतःचं सूचनांचं पान. तिन्हीकडे एकच. डेस्कवर असते तर म्हटलं असतं, पक्की आहे, सोडा.

रॉबिनला फोन लावला. लागत नाही. मेसेज टाकला, "विमान तर आलं होतं ना?" एक टिक. पोचलेला नाही.

म्हणजे विमान दारात उभं होतं आणि हा चढला नाही. का? आजारी असता तर "बाकी ठीक" कशाला लिहिलं असतं? दुसरी कोणी? त्या एवढ्याशा बेटावर? असूही शकते. एवढंसं बेट आहे म्हणूनच असू शकते.

आराधनाला कसं सांगू? लग्न आठवड्यावर. चर्चमध्ये तीनदा नाव वाचलं गेलंय. दारात बांबू. आधी त्याच्याशी बोलेन, कारण कळू दे, मग सांगेन. अर्धी बातमी सोडायची नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

ती शाळेतून आली, चपला काढता काढता विचारलं, "पाहिलंस? वारा होता?"

म्हटलं, "हो. बराच."

सगळी नोकरी झाली, चुकीच्या बातम्या माझ्या हातून सुटल्या असतील, खोटी एकही नाही. आज घरातल्या घरात पहिली सोडली.

आराधना तशीच उभी राहिली, एक चप्पल पायात. मग म्हणाली, "बरं." आणि रात्री पोटभर जेवली. मला वाटलं, चला, हिला धीर आला. बरंच केलं आपण.

बुधवार, ११ फेब्रुवारी

बनुबाई आल्या. तिसगावहून नगर, नगरहून इथे, एस.टी. बदलून, डोक्यावर पदर आणि हातात हुरड्याची पिशवी. फाटकातून आडव्या होऊन शिरल्या. "हे काय इहीनबाई, मान्साला घरात घ्यायचंय का गाळून घ्यायचंय?"

मी पाय वर करून बसलेली, त्या माझ्यासमोर जमिनीवर. खुर्चीवर बसा म्हटलं तर नको म्हणाल्या. हुरडा सोलून देत राहिल्या आणि बोलत राहिल्या. सोळाला नाही तर नाही, पाळकसाहेबांच्या पाया पडू, लेंटात दारं लावून लग्न लावा म्हणू. देव काय कॅलेंडर बघून आशीर्वाद देतो व्हय? मग खोलीची गोष्ट. आराधनासाठी खोली रंगवून घेतली. खिडकी मोठी पाडली. "म्हनलं मास्तरीनबाईला वह्या तपासायला उजेड लागतो. टेबल बी सांगितलंय सुताराला."

मी म्हटलं, अहो कशाला एवढं. रॉबिन जूनमध्ये कायमचा येणार, मग दोघं इथेच श्रीरामपुरात खोली बघणार आहेत ना. तोपर्यंत ती माझ्याकडे राहील असं ठरलंय.

बनुबाईंचा हात थांबला. "जून कुठला? आता त्यानं नवी सही क्येली न्हाई का? दोन वर्सांची. संक्रांतीच्या आधीच क्येली. तुमाला पोरीनं सांगितलं न्हाई?"

त्याच पुढे म्हणाल्या, "दोन वरीस काय, आसे जात्यात. मी हाय की तिला. एका टोकाला ती, एका टोकाला मी, मधी टीव्ही."

वाईट हेतू काही नाही बाईंचा. नवरा गेला, मुलगा समुद्रात. घरात कोणी तरी हवं. खिडकी मोठी केली ती मनापासूनच केली. पण दोन वर्षं तिसगावला राहायचं म्हणजे बेलापूरची शाळा सुटली. आणि लग्न झालेल्या मुलीने दोन वर्षं आईकडे राहणं आमच्या लोकांत कोणी चालू देणार नाही, तेही खरं.

आराधना आली तेव्हा बनुबाई निघत होत्या. तिच्या गालावरून हात फिरवला, बोटं मोडली. "सुकलीस गं. वाऱ्याची काळजी करू नको. वारा आमच्याकडं बी असतो. घराचे पत्रे उडत्यात, मानसं न्हाई उडत."

आराधनाने माझ्याकडे पाहिलं. मी हुरड्याकडे.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

रॉबिनचा फोन अजून बंद. मेसेज पोचलेला नाही.

आराधना: "आज वारा?"

मी: "आहे. विमान अजून तिकडेच अडकलंय."

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

आज विचारलंच. वह्या बाजूला ठेवायला लावल्या. म्हटलं, रॉबिनने नव्या करारावर सही केली हे तू मला का नाही सांगितलंस?

बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत बसली. मग सगळं एकदम बोलली, जसं काही महिनाभर पाठ करून ठेवलं होतं.

सही त्याने हिला न विचारता केली. करून झाल्यावर फोनवर सांगितलं. पगार वाढतोय, दोन वर्षं कशीही जातील, तू आईकडे राहा, तिलाही सोबत. "त्याने सगळ्यांची सोय लावली होती, आई. मला फक्त कळवलं." ही चिडली. त्याला सांगितलं, सही मागे घेणार असशील तरच विमानात बस. नाही तर बसूच नकोस. आणि फोनवर मला हो-नाही काही सांगू नकोस. फोनवर तू गोड बोलतोस आणि मी ऐकते. यायचं असेल तर एकदम समोर ये.

"त्यानंतर आम्ही बोललो नाही. पहिलं विमान खरंच वाऱ्याने गेलं. दुसऱ्याचं मला कळेना. वारा होता म्हणजे तो बसायला निघाला होता, पण जमलं नाही. वारा नव्हता, तर मग ते त्याचं उत्तर. म्हणून तुला रोज विचारत होते. तू वारा आहे म्हणालीस की वाटायचं, म्हणजे अजून ठरलेलं नाही काही. रोज सकाळी उठायचं आणि काही ठरलेलं नाही. मला शाळेत राजीनामा द्यायचा की नाही ते कळेना, मुख्याध्यापिका विचारतायत. मला श्वास घेता येईना, आई."

मी तिला वाचवते आहे असं समजत होते, आणि तिला जे हवं होतं तेच माझ्या उशीखाली ठेवून बसले होते.

सांगितलं. सगळं. शनिवारी विमान उतरलं, परत गेलं, वारा नव्हता. सोमवारपासून मला माहीत आहे. तीन ठिकाणी पडताळून पाहिलंय.

ती रडेल असं वाटलं. रडली नाही. "म्हणजे उत्तर सात तारखेलाच आलं होतं." मग, "आणि तू मला वारा सांगत होतीस."

एवढंच म्हणाली. पाणी प्यायली, वह्या पुढे ओढल्या आणि लाल पेनाने तपासायला लागली. मी तिथेच बसून राहिले. उठून जायचं म्हटलं तरी काठी तिच्या पलीकडे होती.

शनिवार, १४ फेब्रुवारी

शाळेतून अर्ध्या दिवसाची सुटी घेऊन ती एकटी तिसगावला गेली. साखरपुड्यात बनुबाईंनी घातलेली अंगठी परत द्यायला. मी म्हटलं, पाठव कोणाबरोबर तरी, किंवा थांब, माझा पाय बरा होऊ दे, मी येते. "नाही. ज्यांनी घातली त्यांनाच देईन."

सबंध दिवस गल्लीकडे बघत बसले. दोन पानं द्यायची होती, दिली. कुठली ते आठवत नाही.

अंधार पडल्यावर आली. मी काही विचारायच्या आधी म्हणाली, "जेवून आले. त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही." अंगठी घेताना बनुबाई म्हणाल्या म्हणे, माझ्या घरात काय वाईट हुतं, तेवढं तरी सांग. ही म्हणाली, घरात काहीच वाईट नाही. खिडकी छान झालीय.

"मग त्या काय म्हणाल्या?"

"डबा भरून दिला."

डब्यात पिठलं होतं. दोघींनी खाल्लं नाही. सकाळी खाऊ.

रविवार, १५ फेब्रुवारी

उपासनेनंतर पाळकसाहेब घरी आले. आडवे होऊन. लग्न होणार नाही, एवढंच आराधनाने त्यांना सांगितलं होतं. त्यांनी कारण विचारलं नाही. चहा घेतला, प्रार्थना केली, माझ्या पायासाठीही केली. निघताना मला हळूच म्हणाले, "सूचना वाचून झाल्यात. त्या काही लगेच शिळ्या होत नाहीत. ईस्टरनंतरही चालतील."

म्हटलं, नाही साहेब. बातमी पक्की आहे.

सोमवार, १६ फेब्रुवारी

वाल्मिक येऊन बांबू घेऊन गेला. विसार परत देत होता, मी घेतला नाही. बिचारा काहीतरी विनोद करणार होता, तोंड उघडून मिटलं.

फाटक पूर्ण उघडतं आता.

बुधवार, १८ फेब्रुवारी

राखेचा बुधवार. आराधना सकाळीच चर्चला जाऊन आली.

रागावलेली आहे माझ्यावर, पण बोलते. मुख्याध्यापिकांना सांगून आली की पुढच्या वर्षीही आहे. पाचवीचा वर्ग मागितला. संध्याकाळी भाकरी थापताना पाळकसाहेबांची नक्कल केली. "इतकी गंभीर राख लावतात, की कपाळाला नाही, वहीला शेरा मारतायत असं वाटतं." पहिल्यांदा हसली. मग माझ्याकडे बघून हसू आवरलं. चालेल. आवरायला तरी आलं.

शेजारीपाजारी अजून विचारतात. आता उत्तर देता येतं. लग्न मोडलं. दोन शब्द. एवढे दिवस छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं होतं, ते उतरलं. मुलगी दोन वर्षं त्या खोलीत बसली नाही, हे काय कमी झालं? असं वाटतं, आणि वाटल्यावर बनुबाई आठवतात. त्यांना फोन करायला हवा. उद्या करते.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

रॉबिन बाहेरच्या खोलीत बसला आहे.

मुंबईहून थेट इकडे आला. अजून तिसगावलाही फोन केलेला नाही. वाळला आहे, बोलतो भरभर. "सही मागे घेतली, काकू. बदलीचा माणूस आल्याशिवाय कंपनी सोडेना. तो सात तारखेच्या विमानातूनच उतरला. त्याला जनरेटर समजावून देईपर्यंत ते विमान गेलंच. मग हातापाया पडून लष्कराच्या विमानात जागा मिळवली, इंग्लंडवरून आलो. फोन मुद्दाम बंद ठेवला. ती म्हणाली होती, फोनवर काही बोलायचं नाही, एकदम समोर ये. तसा आलो. लेंट लागला, माहितीये. ईस्टरनंतर करू. आता मला कुठे परत जायचंय?"

त्याला चहा दिला. आराधना शाळेतून यायची आहे. त्याला अजून कोणीच काही सांगितलेलं नाही.